सगळ्यांची मिळून एक बाई

१

पावाच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा नवरा सकाळी घरी यायचा, तेव्हा त्याच्या कानांच्या पाळ्यांनासुद्धा पीठ लागलेलं असायचं. आंघोळ, चार घास, आणि मग आतल्या खोलीचं दार लागायचं ते दिवस कलेपर्यंत. तेवढा वेळ घरानं श्वास रोखून बसायचं. भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही, नळ धो धो सोडायचा नाही, खुर्ची ओढायची नाही, उचलून ठेवायची. मोठ्या माणसाला हे एक वेळ जमतं. पण दात न आलेल्या लेकराला कोण सांगणार, की बाई गं, तुझे बाबा झोपलेत, भूक जरा दाबून धर?

पोर रडली की आतून भिंतीवर थाप पडायची. एकच. शिवी नाही, ओरडा नाही. पण तेवढी एक पुरायची. पोरीला कवटाळून ती स्वयंपाकघरात, फ्रिज आणि भिंत यांच्या मधल्या बोळकांडीत जाऊन बसायची. फ्रिजच्या घरघरीत रडणं थोडं मुरायचं. तिथं पोरीला पाजता पाजता ती मोकळ्या हातानं फोन उघडायची.

फोनमध्ये ‘पदरचं’ होतं.

हा गंमत म्हणून लिहिण्याचा ग्रुप. कोपऱ्यावरच्या लायब्ररीतल्या ताईंनी काढलेला. एकदा भर दुपारी ही पोरीला घेऊन लायब्ररीच्या पायरीवर बसली होती, घरात थाप पडू नये म्हणून. ताईंनी आधी हटकलं, मग पाणी दिलं, मग विचारलं, लिहितेस का काही? ही म्हणाली, सातवीनंतर सहीशिवाय काही लिहिलेलं नाही. ताई म्हणाल्या, मग तूच हवीस.

नियम दोनच होते. इकडून आलेलं तिकडे ढकलायचं नाही, पुस्तकातलं उतरवायचं नाही. वेडंवाकडं असो, पण पदरचं लिहायचं. आणि लिहिलेलं पुसायचं नाही. लाज वाटली तरी राहू द्यायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा पोलीस तिथं कुणी नव्हता. वयानं लहान म्हणून सगळे तिला धाकटी म्हणायचे. सासरी ती थोरली सून होती, त्यामुळे हे नाव तिला सुट्टीसारखं वाटायचं.

ताई एकदा म्हणाल्या, घरातल्या एखाद्या वस्तूची तक्रार लिहा. धाकटीनं कपड्यांच्या चिमट्याची लिहिली: ‘जन्मभर दातांत लोकांचे कपडे धरले, माझ्या अंगावर मात्र चिंधी नाही.’ त्यावर कंपाउंडरकाकांनी लिहिलं की हसताना कवळी चहात पडली, आता चहा चावून प्यायचा का? शिवणमावशी म्हणाल्या, काका, तुम्ही आधीही चावूनच पीत होता. धाकटीनं ते इतक्यांदा वाचलं, की पोर दूध ओढायची थांबून तिच्या तोंडाकडे बघायला लागली. शाळा सुटल्यापासून तिला कुणी शाबास म्हटलं नव्हतं.

२

नवा खेळ ताईंनीच काढला. त्यांचं म्हणणं, आपण सगळे घरात एकेकटे. काका विधुर, मावशींच्या सोबतीला शिवणयंत्र, ड्रायव्हरदादा महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावर, धाकटीचा नवरा असून नसल्यासारखा. तर आपण सगळ्यांची मिळून एक बाई घडवू. घरात वावरणारी, हाताखाली येणारी. प्रत्येकानं तिला एकेक गोष्ट द्यायची. अट तीच. पदरची.

ड्रायव्हरदादांनी सासूबाईंचं घोरणं दिलं. म्हणाले, घ्या, एवढी दणकट वस्तू दुकानात मिळायची नाही. दिवसभर सगळे त्यावर हसत होते. मग काकांनी त्यांच्या गेलेल्या बायकोची चाल दिली. डावी चप्पल किंचित घासायची, म्हणाले, त्यावरून कळायचं की ही घरात आहे. हसणं जरा थांबलं. मावशींनी आईचे हात दिले. जाड, खरखरीत, बोटांना सुईची भोकं, पण कपाळाला लागले की ताप उतरायचा. ताईंनी थोरल्या बहिणीची सवय दिली: ती दार वाजवत नाही, सरळ आत येते. घरचीच तर आहे. चेहरा मात्र कुणी दिला नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा देईल.

राहिली धाकटी. तिला काही सुचेना. तिच्या पदरी देण्यासारखं होतं तरी काय? दुपारी बोळकांडीत बसून तिनं पुन्हा सगळं वाचून काढलं, आणि तिचं मन त्या हातांपाशी अडकलं. मांडीवर पोर झोपली होती. धाकटीनं लिहिलं:

‘एवढे चांगले हात आणि रिकामे. मला बघवत नाही. तिला एक बाळ द्या.’

मग नियम आठवला. म्हणून मांडीवर दिसत होतं ते लिहिलं. कानामागे तीळ आहे. झोपेत उजवी मूठ घट्ट असते, सोडवली तर आत लोकरीचा धागा सापडतो. दूध पिताना एक पाय उगाच हलवत राहते.

बदामांचा पाऊस पडला. ताई म्हणाल्या, धाकटीनं सगळ्यांना मागे टाकलं. काकांनी लिहिलं, आता बाई पुरी झाली.

३

त्यानंतर पोर दुपारची रडेनाशी झाली.

आधी धाकटीला बरंच वाटलं. कुणाला वाटणार नाही? पण आईचं घड्याळ छातीत असतं. वेळ झाली की पान्हा दाटतो, गाऊन भिजतो, आणि पोर मात्र पाळण्यात पडून छताकडे बघत हसतेय. तिनं उचलून तोंडाशी धरलं, तर पोरीनं ओठ मिटले आणि मान फिरवली. पोट भरलेलं माणूस ताटाकडे बघतं, तसं तिनं आईकडे बघितलं.

धाकटीनं तिला खांद्यावर टाकून पाठ थोपटली. ढेकर आला नाही. तो कुणीतरी आधीच काढला असावा, असा विचार तिच्या मनात आला आणि तिचं तिलाच हसू आलं. मग पोरीच्या ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब दिसला. तिनं बोटानं टिपला. कोमट होता.

सकाळचं दूध असेल, वर आलं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मुलं ओकतात दूध, त्यात काय एवढं? न्हाणीत जाऊन तिनं स्वतःचं दूध पिळून टाकलं. पांढरं पाणी मोरीतून वाहत गेलं. बाहेर येऊन बघते तर पोर पुन्हा हसत होती, छताकडे नव्हे, पाळण्याच्या अलीकडे, माणूस वाकून उभं असावं तेवढ्या उंचीवर.

संध्याकाळी नवरा उठला तेव्हा खुशीत होता. कितीतरी दिवसांनी डोळा लागला म्हणाला. पोरीच्या गालाला बोट लावून म्हणाला, शहाणी झाली माझी बाय, आता आईला शिकव थोडं.

४

घरं आवाज करतात, हे धाकटीला माहीत होतं. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर पाण्याच्या टाक्या. दिवसभर कुठे काही घासतं, कुठे ठणठणतं. म्हणून बाहेरच्या खोलीतून चप्पल घासत गेल्याचा आवाज आला, तेव्हा ती जागची हलली नाही. दुकानदार टायर ओढत असेल. पुन्हा आवाज आला. एक पाऊल स्वच्छ, एक घासलेलं. एक स्वच्छ, एक घासलेलं. पाळण्यापाशी जाऊन थांबलं.

मग पाळण्याची कडी कुरकुरली.

ती बाहेर आली. खोलीत कुणी नव्हतं. आतून नवऱ्याचं घोरणं ऐकू येत होतं, भरदार, लयीत. तिला धीर आला. घरात पुरुष माणूस आहे, हाक मारली तर उठेल. पाळणा हळूहळू थांबत होता. पोरीनं पाय मारला असेल.

तिनं आतल्या खोलीचं दार लोटून बघितलं. नवरा पालथा पडून शांत झोपला होता. श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. घोरणं तिच्या मागून येत होतं.

ती दारात खिळून उभी राहिली, वळायचं की नाही ते ठरवत. वळली तेव्हा घोरणं बंद झालं होतं आणि पाळण्याशेजारच्या खुर्चीची उशी मधोमध दबलेली होती. बघता बघता ती फुगून वर आली.

बाळंतपणात झोप अपुरी होते, डोकं ठिकाणावर राहत नाही, असं तिनं ऐकलं होतं. तेच हे असणार. मन रमावं म्हणून ती पोरीचे लंगोट आवरायला बसली. ती चौकोनी घड्या घालते. लंगोट खुर्चीखाली रचून ठेवलेले होते. तिकोनी, कडा नखानं दाबून सरळ केलेल्या, शिवणारी माणसं शिलाई दाबतात तशा.

तिनं एकेक घडी मोडली आणि पुन्हा चौकोनी घातली. एकही नीट बसेना.

५

दवाखान्यात नर्सनं पोरीला काट्यावर ठेवलं आणि म्हणाली, छान भरलंय बाळ. धाकटी म्हणाली, ती माझं दूध घेत नाही. केळं कुस्करून दिलं तर थुंकते. बाटली लाथाडते.

नर्सनं चष्म्यावरून बघितलं. मग काय, हवेवर वाढते का? चोरून वरचं काय काय देता ते सांगा, आम्ही काही खात नाही तुम्हाला. धाकटीनं शपथा घेतल्या. नर्स म्हणाली, आजकालच्या आयांना काही ना काही दुखणं हवंच असतं. मूल किरकिरं असलं तरी रडतात, नसलं तरी रडतात. रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या.

“घरात मदतीला कुणी नाही म्हणता,” नर्स म्हणाली, “मग आत्ता खिडकीपाशी तुमच्या पाठीमागे होत्या त्या कोण?”

धाकटीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“अहो, त्या बाई. तुमच्या खांद्यावरून बाळ झेपावत होतं त्यांच्याकडे. दोन्ही हात पुढे करून. मला वाटलं आजी असतील. नीट बघितलं नाही, घाईत होते. पण मूल परक्याकडे असं जात नाही हो.”

धाकटीनं मागे बघितलं. बाकावर बायका होत्या, कुणाच्या मांडीवर मूल, कुणाच्या मांडीवर पिशवी. शेवटच्या बाईच्या शेजारी जागा रिकामी होती आणि गर्दी असूनही तिथं कुणी बसत नव्हतं. येणारी प्रत्येक बाई तिथं थबकायची, जणू कुणाच्या तरी गुडघ्याला धक्का लागेल, आणि वळसा घालून पुढे जायची.

६

‘पदरचं’मध्ये बाईचं रोज काही ना काही चालू होतं. धाकटीनं दिलेल्या बाळामुळे सगळ्यांना हुरूप आला होता. काकांनी लिहिलं, बाईनं आज बाळाला उन्हात बसवलं. ड्रायव्हरदादा म्हणाले, बाळ बाईचं घोरणं ऐकून घाबरत नाही, उलट त्यानंच झोपतं, आहे की नाही गंमत! पूर्वी धाकटीही यात हसून भर घालायची. आता ती नुसतं वाचायची, आणि वाचून झाल्यावर पोरीकडे बघायची. पोरीचे तळवे उन्हातून आल्यासारखे गरम असायचे. त्यांच्या खोलीत ऊन येत नव्हतं.

योगायोग असतो, ती स्वतःला सांगायची. तळवे कुणाचेही गरम असतात.

मग एका दुपारी मावशींनी लिहिलं: ‘आज बाईनं बाळाच्या तोंडात चमचा घातला, तर टण्ण वाजलं. पहिला दात.’

बदामांचा पाऊस पडला. कुणी टाळ्या पाठवल्या, कुणी फुगे. ताई म्हणाल्या, आई कुठाय? आईनं काहीतरी लिहावं.

धाकटी फोन तसाच टाकून उठली. चमचा घेतला. पोरीनं आनंदानं तोंड उघडलं, सवयीनं, जणू हा खेळ नुकताच खेळून झाला होता. खालच्या हिरडीवर चमचा लागला. टण्ण वाजलं.

मुलाचा पहिला दात आईला सापडतो. ती आजीला फोन करते, शेजारणीला दाखवते, वेडी होते. धाकटी चमचा हातात धरून तशीच बसून राहिली. या गोष्टीची तिला भीती वाटायला हवी होती, पण आधी वाईट वाटलं. तिच्याच लेकीची बातमी तिला सगळ्यांत शेवटी कळली होती.

७

तिनं लिहिलं, मला माझं बाळ परत हवं आहे. नंतर वाटलं, हे फारच वेडगळ झालं, म्हणून पुढे लिहिलं: म्हणजे खेळातलं. ते मी माझ्या पोरीवरून लिहिलं होतं. दुसरं काहीतरी देते. चालेल ना?

मग काकांनी हसरं तोंड पाठवलं आणि लिहिलं, धाकटे, रडीचा डाव खेळू नये.

ती विनवत राहिली. सगळं सांगितलं: थेंब, चप्पल, घड्या, दवाखाना. लिहिताना बोटं घसरत होती, अक्षरं चुकत होती. कुणीतरी म्हणेल, अगं वेडे, जरा झोप घे, असं तिला वाटत होतं. तेवढं कुणी म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मावशींनी लिहिलं: ‘मी आईचे हात दिले. त्या दिवसापासून ते मला आठवत नाहीत. डोळे मिटले की आई दिसते ती मनगटापर्यंत. मी मागितले का परत?’

काकांनी लिहिलं: ‘हिच्या पायांचा आवाज मला रोज यायचा. ती गेली तरी यायचा. आता घर मुकं आहे. मी काही बोललो का?’

ड्रायव्हरदादा म्हणाले, सासूबाई तशा बऱ्या आहेत. फक्त झोपत नाहीत. पडून असतात, डोळे उघडे. बायको मला विचारते, काय झालं हो आईला. मी काय सांगू?

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. आपापल्या घरातून काय गेलं ते प्रत्येकाला कळलं होतं, आणि तरी रोज हसरी तोंडं येत होती, बदाम पडत होते. तिला वाटलं होतं ही आपली माणसं. आपलं गेलं तर तुझंही जाऊ दे, असं म्हणणारीही माणसं आपलीच असतात.

शेवटी ताई आल्या. त्यांची भाषा नेहमीसारखीच मऊ होती.

‘थोरली बहीण माझ्या दारापर्यंत येते आणि परत जाते. मी खिडकीतून बघते. धाकटे, आम्ही सगळ्यांनी जे हरवलं त्याची मिळून ती एक उभी आहे. तिच्या हातातलं बाळ काढून घेतलं तर ती काय करेल, ते आम्हाला माहीत नाही. तुला माहीत आहे?’

८

तिनं बाळाबद्दलचं आपलं सगळं लिखाण पुसून टाकलं. नियम मोडला. वर लिहिलं, माझ्या घरी तिला पाठवू नका, तुमच्या पाया पडते.

ताईंनी एकच ओळ लिहिली: ‘ठीक आहे. बाई आता त्या घरी जात नाही.’ त्याखाली काकांनी अंगठा दाखवला. मावशींनीही.

त्या दुपारी चप्पल वाजली नाही. उशी दबली नाही. धाकटीनं सुटकेचा श्वास टाकला आणि पोरीला पदराखाली घेतलं.

पोरीनं तोंड फिरवलं.

पुन्हा घेतलं. पोर किंचाळली. आतून थाप पडली. धाकटीनं बाटली दिली, चमच्यानं दिलं, बोट बुडवून दिलं. पोर सगळं थुंकत होती आणि आईच्या खांद्यावरून दाराकडे बघून हात पसरत होती. रडून रडून आवाज बसला तरी हात पसरलेलेच. दुसऱ्या दिवशी तेच. डोळे खोल गेले, ओठ सुकले, लंगोट कोरडे राहायला लागले. दवाखान्यात सलाईन लावलं, घरी सोडलं, वर ऐकवलं की आईचंच नीट लक्ष नाही. धाकटीचं दूधही आता येत नव्हतं. इतके दिवस मोरीत सांडलं, ते आता बोलावून येईना.

नवरा झोपेतून उठून बाहेर आला. दोन दिवसांची दाढी, डोळे लाल. त्यानं पोरीला हातात घेतलं, तर ती त्याच्याही हातात तशीच, बाहुलीसारखी लुळी. तो बायकोकडे बघून ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“तुला एक पोर सांभाळता येत नाही,” तो म्हणाला. “इतके दिवस कशी गुण्यानं होती. काय केलंस तू तिला?”

ती काय सांगणार? गंमत म्हणून खेळत होते, त्यात देऊन टाकली, असं?

तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत बघतो, नाहीतर बहिणीकडे नेऊन ठेवतो. तिनं तिघं वाढवलीत. मग पोरीला बायकोच्या मांडीवर ठेवून आत गेला. थकलेलं माणूस. दार लागलं. आतून काही आवाज आला नाही. पोरही आता आवाज करत नव्हती, आणि त्या शांततेत धाकटीला पहिल्यांदा कळलं, की आपण रडण्याला उगाच घाबरत होतो.

९

तिनं ग्रुप उघडला. तिथं गप्पा चालूच होत्या, नवा खेळ सुरू झाला होता, पावसातल्या छत्रीची तक्रार का कायसा. तिनं मध्येच लिहिलं, पोर मरते आहे, तिला पाठवा.

काकांनी लिहिलं, आधी नको म्हणालीस. मावशी म्हणाल्या, लिहिलेलं पुसतात त्यांच्या घरी कोण जाईल? तिनं पुन्हा लिहिलं, चुकले. पुन्हा लिहिलं. कुणीतरी छत्रीवरचा विनोद टाकला आणि त्यावर सगळे हसले. मग ताई आल्या.

‘आम्ही लिहून काय उपयोग? घर तुझं आहे. तू लिही. पदरचं.’

धाकटीनं मांडीवरच्या पोरीकडे बघितलं. कपाळाची शीर निळी दिसत होती. तिनं खूप शब्द शोधले, विनवणीचे, माफीचे, पण एवढ्या घाईत सापडला तो घरात आलेल्या वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तोच.

‘या.’

फोन तिनं फरशीवर पालथा ठेवला. बाहेरच्या खोलीत दुपारचा करडा उजेड होता. दाराला आतून कडी होती. कडी हलली नाही, दार वाजलं नाही. फक्त खोली जरा लहान झाल्यासारखी वाटली, जशी ती माणूस आत आलं की होते. एक पाऊल स्वच्छ. एक घासलेलं.

पोरीनं डोळे उघडले. तिच्यात कुठून बळ आलं कोण जाणे, ती मांडीवरून उतरली आणि रांगत निघाली. धाकटीनं हात पुढे केले, “ये गं, माझी बाय, इकडे ये,” आणि पोर त्या हातांच्या बाजूनं, जशी खुर्चीच्या पायाला वळसा घालते तशी, निघून गेली. खोलीच्या मधोमध जाऊन ती बसली. तिनं मान वर केली. दोन्ही हात उंच केले.

धाकटीला उठून झडप घालता आली असती. दोन पावलांचं अंतर. ती गुडघ्यांवर उभीही राहिली. पण मग काय? हिसकावून घ्यायची, बोळकांडीत घेऊन बसायची, आणि काय पाजायचं?

पोरीच्या काखांपाशी झबलं चुरगळलं. आधी ती बसल्या जागी ताठ झाली, मग पाय सरळ झाले, मग टाचा फरशीपासून सुटल्या. अंगठे तेवढे क्षणभर टेकलेले राहिले. मग तेही सुटले. ती वर चालली होती, सावकाश, बिनचूक, हवेत कुणाच्या तरी कडेवर बसावं तशी एक पाय पुढे एक मागे करून, आणि तिच्या तोंडावर ते हसू होतं, जे धाकटीनं कितीतरी दिवसांत स्वतःसाठी बघितलं नव्हतं.

धाकटीचा आवाज फुटला, हळू, नवऱ्याची झोप मोडू नये एवढा हळू.

“अहो, पाठीला हात असू द्या. ती मागे झोकून देते.”

पोर लाडात आली आणि तिनं मागे झोकून दिलंच. झबल्याच्या पाठीवर पाच बोटांएवढी जागा दबली, आणि ती पडली नाही.